नऊ हजारांचा चाकू आणि नववीतला पोरगा

मंडळी, आज खताचा विषय नाही, पावसाचाही नाही. आज चाकू.

आमच्या चुलत भावाचा मुलगा नववीत आहे. वय १४. गेले आठ-नऊ महिने तो पैसे साठवतोय आणि कशासाठी, तर व्हिक्टोरिनॉक्सच्या ‘स्विसचॅम्प’साठी. लाल रंगाचा, मिटवून खिशात बसणारा, ३३ कामं करणारा चाकू. त्यात कात्री, करवत, पक्कड, भिंगसुद्धा. त्याने किंमत धरलीय नऊ हजार. जमलेत ३१००. काजूच्या बिया वेचून १४००, रातांबे फोडून ६०० आणि गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी खाऊला दिलेले ११००. सगळा हिशेब वहीत, तारखेसकट.

घरात यावरून रोज काहीतरी चालू असतं. बाप म्हणतो, नऊ हजारात दोन वर्षांची पुस्तकं येतील. आजी म्हणते, पोराच्या हातात सुरी कशाला हवी? पोरगा मला म्हणतो, "काका, तुम्ही बाबांना सांगा ना." दोघांना विचारूनच इथे लिहितोय, कारण असा एक पोरगा आणि असा एक बाप बऱ्याच घरांत असणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याला साठवू द्या आणि चाकू घेऊ द्या. पण हा चाकू नको, आणि आज नको.

आधी आजीची भीती. ती खोटी नाही. पुण्याकडच्या कोयता गँगच्या बातम्या आपण वाचतो, मिसरूड न फुटलेली पोरं कोयता नाचवत रील काढतात ते मोबाईलवर बघतो. पण आपल्या वाडीत कोयती आकडीला अडकवून कमरेला बांधलेला माणूस दिसला की कुणी दचकतं का? नाही. कारण तो कुठे चाललाय ते आपल्याला माहीत असतं. माडाखाली नाहीतर कुंपणाला. पात्याला काम असलं की ते अवजार. काम नसलं की ते दाखवायची वस्तू होतं, आणि भानगड तिथेच सुरू होते. त्यामुळे पोराच्या हातातून चाकू काढून घेणं हा उपाय नव्हे. त्याच्या चाकूला काम देणं हा उपाय आहे. आणि जुलै महिन्यात कलमं बांधणाऱ्या घरात कामाला तोटा कसला?

आता बाबा, तुझ्याशी बोलतो. तू निवडलेल्या चाकूची गोष्ट तुला ठाऊक असेलच, तरी ऐक. कार्ल एल्सनर याने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी १८८४ साली कारखाना काढला. स्विस सैनिकांचे चाकू सुरुवातीला जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले. १८९१ मध्ये एल्सनरने पहिल्यांदा स्वतःचे चाकू सैन्याला पुरवले. त्या सैनिकी चाकूत किती गोष्टी होत्या? चार. पातं, भोक पाडायचा टोच्या, डबा उघडायची पट्टी आणि स्क्रू-ड्रायव्हर. सैनिकाला डबा उघडायचा होता आणि बंदूक खोलायची होती, म्हणून त्या चार. मग १८९७ मध्ये त्याने हलका ‘ऑफिसर’ चाकू काढला, तो अधिकाऱ्यांनी हौसेने स्वतःच्या पैशांनी घ्यायचा. तुझा ३३ कामांचा चाकू या दुसऱ्या चाकूच्या घराण्यातला.

हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. पण आधी कामं मोज. ३३ पैकी तुझी किती? कागदावर लिही. मी मोजली तर पाच भरली: पातं, करवत, कात्री, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. त्यातली पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर पंपाच्या खोलीत पडलेले आहेत, आणि करवतीचं म्हणशील तर तुझ्या बापाकडे झाड छाटायची अख्खी करवत आहे. उरलं पातं आणि कात्री. म्हणजे नऊ हजार तू मुख्यतः एका पात्यासाठी देणार.

आणि ते पातं कलमाला चालायचं नाही. का ते सांगतो, हे दुकानदार सांगणार नाही. खिशातल्या साध्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार दिलेला असतो. फळ कापायला, दोरी तोडायला तो उत्तम. पण कलमकाडीला पाचर काढताना असं पातं लाकडात किंचित वळतं आणि काप सपाट येत नाही. कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काप आरशासारखा येतो. कोयकलमात आपण काय करतो? तांबूस पानांचा, दहा-पंधरा दिवसांचा कोवळा रोप घेतो, शेंडा उडवतो, मधोमध चीर देतो आणि तेवढ्याच जाडीच्या काडीची पाचर त्यात बसवतो. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला तर कलम जगतं. मध्ये पोकळी राहिली तर प्लॅस्टिकची पट्टी कितीही आवळा, आठवड्याभरात काडी काळी पडते. सगळा खेळ त्या एका कापाचा.

दुसरं, स्विसचॅम्पचं पातं उघडल्यावर खटका बसून अडकत नाही. स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं, बस. टोकाने कशात खुपसायला गेलास तर ते उलटं मिटू शकतं, आणि मिटताना वाटेत तुझीच बोटं असतात. याच कारणासाठी फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीने १९५५ मध्ये पात्याच्या बुडाशी फिरवून अडकवायची कडी बसवली. एकीचा चाकू चांगला आणि दुसरीचा वाईट असं मी म्हणत नाही. कुठला चाकू कुठे दगा देतो ते पैसे मोजायच्या आधी माहीत हवं, एवढंच.

तिसरी गोष्ट खास तुझ्यासाठी. तू डावखुरा आहेस. एका बाजूला उतार असलेला चाकू बहुतेक उजव्या हातासाठीच घडवलेला असतो. डाव्या हातात धरलास की सपाट बाजू चुकीच्या अंगाला येते आणि तू सहा महिने समजत राहशील की तुझाच हात वाईट आहे. डाव्या हाताचे वेगळे चाकू मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात. घरपोच मागवायच्या आधी विचार. आपल्या लोहाराला सांगितलंस तर गाडीच्या पाट्याच्या तुकड्यातून तो उतार उलट्या बाजूला काढून देईल.

मग करायचं काय? माझा हिशेब असा. तुझ्या ३१०० मधले दोनशे रुपये लोहाराकडच्या साध्या, डावखुऱ्या कलमचाकूला. साडेतीनशे धार लावायच्या दगडाला, एक बाजू जाड आणि एक बारीक असलेला. झाले ५५०. उरले २५५०, त्यांना हात लावायचा नाही.

त्या दोनशेच्या चाकूला पहिल्या दिवसापासून धार तू लावायची. दुसऱ्याने पाजवून दिलेला चाकू वापरणाऱ्याला चाकू कळत नाही. उताराची बाजू दगडावर टेकवायची, आधीचाच कोन धरायचा, जाड बाजूवर मग बारीक बाजूवर. सपाट बाजूला उतार द्यायचा नाही, फक्त आलेली बुरशी, म्हणजे ती बारीक लोखंडी कड, मोडण्यापुरती एकदा सपाट फिरवायची. धार अंगठ्यावर बघायची नाही, वर्तमानपत्राच्या कडेवर बघायची. कागद न फाटता चिरला तर झाली. बोथट चाकू सुरक्षित असतो असं आजी म्हणते, ते मात्र चूक आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो सटकतो.

आपल्या हवेत साध्या पोलादाचं पातं एका रात्रीत गंजतं. आंब्याचा चीक लागला की काळं पडतं. काम झालं की पुसायचं, कोरडं करायचं, तेलाचं बोट फिरवायचं. पहिला महिना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढव. कोपर बरगडीला टेकवून ओढ. पात्याच्या वाटेत बोट नको. आणि कापलंच तर लपवू नको, जखम धुऊन आधी घरात सांग. धनुर्वाताची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. तुझी दहाव्या वर्षाची झालीय का, ते आईकडून बघून घे.

मग रायवळ कोयींच्या रोपांवर शंभर कलमं बांध. वहीत पैसे लिहितोस तसं हेही लिही: तारीख, किती बांधली, किती जगली. शंभरातली किती जगली हा आकडा तुझ्या हातात आला की मग ठरव कुठला चाकू हवा. तेव्हा कदाचित तू कलमाचा चांगला परदेशी चाकू घेशील, तो मी चौकशी केली तर स्विसचॅम्पच्या निम्म्याहून कमी पैशात येतो. किंवा तेव्हाही तुला तो लाल चाकूच हवा असेल. तर घे. मी स्वतः सोबत येईन दुकानात. जत्रेत दीडशेला मिळतो तसला नकली नको, एवढं बघायला.

कायद्याचंही ऐकून ठेव. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विषय येतो आणि घरगुती वा शेतीकामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुझा चाकू त्या मापात कुठेच येत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली बंदीचा आदेश निघतो. त्यात चाकूसुद्धा बाळगायला मनाई असू शकते. म्हणून नियम साधा: चाकू वाडीत. दप्तरात नाही, जत्रेत नाही, एसटीत नाही आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर तर अजिबात नाही. यातलं एक जरी मोडलंस तर मी तुझ्या बापाच्या बाजूने.

आता भाऊ, तुला. तीन गोष्टी करू नकोस. एक, कमी पडलेले पैसे प्रेमाने घालू नकोस. निम्मे तू घातलेस तर तो चाकू निम्मा तुझा होईल आणि वही बंद पडेल. दोन, शाळेची फी भरायची वेळ आली म्हणून त्याच्या डब्यात हात घालू नकोस. फी ही आपली जबाबदारी, तो डबा त्याचा. एकदा डब्यातले पैसे गेले की पोरगं साठवायचं बंद करतं, हे आपल्या गावात सगळ्यांनी बघितलंय. तीन, नव्वद टक्क्यांवर चाकू असली पैज लावू नकोस. त्याने हे पैसे मार्कांनी मिळवलेले नाहीत, काजूखाली वाकून मिळवलेत.

आणि मला यातलं खरं महत्त्वाचं वाटतं ते हे. आपल्याकडे कलमं बांधणारे हात कमी होताहेत. हंगामात माणूस मिळत नाही, मिळाला तर आपल्या वेळेला मिळत नाही. अशा दिवसांत १४ वर्षांचा एक पोरगा स्वतःहून पात्याच्या नादाला लागलाय. आपण त्याला म्हणतोय, हे सोड, अभ्यास कर. अभ्यास तर त्याने करायचाच आहे. पण उद्या तो पुण्याला गेला, मुंबईला गेला, तरी मे महिन्यात घरी आल्यावर त्याला स्वतःच्या हाताने एक झाड बदलता आलं, तर त्याचं या जमिनीशी काहीतरी शिल्लक राहील. सातबाऱ्यावरच्या नावाने तेवढं राहत नाही.

कुणाच्या ओळखीत डाव्या हाताचा कलमचाकू घडवणारा लोहार असेल तर खाली गाव लिहा. आमच्या लोहाराने पहिला चाकू नीट घडवला तर त्याचंही गाव पुढच्या नोंदीत टाकतो. आणि तुमच्या घरात असं साठवणारं पोर असेल, तर ते कशासाठी साठवतंय तेही लिहा.