तुरीचे वाण लवकर येईल, बियाणे कधी?

कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले; पण मानांकनाने मर रोग थांबत नाही. २०२२ च्या हंगामात कलबुर्गी-बिदर पट्ट्यात उभी तूर वाळून गेली. रोगाला तोंड देणारे वाण हाच टिकाऊ उपाय; मात्र नवे वाण सिद्ध होण्यास आजवर १३ वर्षांपर्यंत अवधी लागे.

हा अवधी सुमारे पाच वर्षांवर आणणारी पद्धत हैदराबादजवळील पटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केली. हरभरा दिव्यांच्या दीर्घ प्रकाशात लवकर फुलतो. तूर मात्र लहान दिवसांत फुलणारी. प्रकाश वाढवल्यास तिचा फुलोरा लांबतो. म्हणून बंद कक्षात प्रकाशाइतकेच अंधाराचे तासही मोजून द्यावे लागतात. शिवाय दाणे पूर्ण पक्व होण्याआधीच काढून पुन्हा पेरले जातात. परिणामी वर्षाला एकाऐवजी चार पिढ्यांपर्यंत मजल जाते. ४५ अंश तापमान सोसणारे ‘आयसीपीव्ही २५४४४’ हे वाण याच मार्गाने २०२५ मध्ये पुढे आले.

तथापि मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. तिच्याविरुद्धची खरी परीक्षा शिवारातच होते, आणि तिला हंगामच लागतो. पुढे मान्यता, बीजोत्पादन व वितरण. तेथील गती जुनीच राहिली, तर दिव्यांखाली वाचलेली आठ वर्षे कागदांत खर्ची पडतील. म्हणून प्रयोगशाळेइतकाच निधी सीमाभागातील चाचण्यांना व बीजोत्पादनाला मिळायला हवा. शेतकऱ्याच्या लेखी वाणाचे वय त्याच्या तिफणीत बियाणे पडते त्या दिवसापासूनच मोजले जाते.