छातीचा फोटो निघतो, पण वाचतो कोण?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ
मा. जिल्हा शल्य चिकित्सक व मा. जिल्हा क्षयरोग अधिकारी, यवतमाळ
मा. अधिष्ठाता, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यवतमाळ



छातीचा एक्स-रे काढायला दोन मिनिटं पुरतात. तो वाचायला तयार डोळा लागतो, आणि आपल्याकडे घोडं अडतं ते तिथे. मशीन मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. निघालेला प्रत्येक फोटो कुणीतरी जबाबदारीने वाचावा, एवढ्यासाठी लिहितो आहे.

जिल्ह्यात सोळा तालुके. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. झरी-जामणीतल्या एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, निघायचं तर आधी डांबरी रस्त्यापर्यंत पायी, मग मिळेल ती गाडी. म्हणून तपासणीसाठी उमरखेडचा माणूस नांदेड गाठतो, वणीचा चंद्रपूर, आणि बाकीचे सावंगी-सेवाग्रामकडे वळतात. गाडीभाडं नसेल तो कुठेच जात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर भाडं असलं तरी रोज बुडवायची हिंमत होत नाही.

रुग्णांना घेऊन दवाखान्यांत जाणं हे माझं काम. एका ग्रामीण रुग्णालयात पाहिलं ते सांगतो. नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका इमारतीचा नाही. पन्नाशीचा एक कोलाम शेतमजूर. खोकला जुना, संध्याकाळी कणकण, अंगावरचा सदरा सैल झालेला. एक्स-रे निघाला, पण वाचणारा तज्ज्ञ तिथे नव्हता. मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, मोबाइलने तिचा फोटो घेतला आणि ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्या फोटोत वरच्या बाजूला ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटली होती, नेमकी गळ्याखालच्या हाडावर. मोठ्या माणसाचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या शेंड्यालाच, त्या हाडाच्या आडोशाला असतो. क्ष-किरणतज्ज्ञ तिथे मुद्दाम दुसऱ्यांदा पाहतो, हृदयामागची जागाही चाचपतो. संगणकाच्या पडद्यावर तो उजेड कमी-जास्त करतो, एखादा कोपरा मोठा करतो, जुना फोटो शेजारी लावून ताडून पाहतो. मोबाइलवर आलेल्या फोटोत त्याला यातलं काहीही करता येत नाही. उत्तर आलं, ‘ठीक वाटतंय.’ खोकल्याचं औषध घेऊन माणूस पोडावर परतला, एकाच खोलीत नातवंडांसोबत झोपत राहिला. पुढे हट्ट धरून बेडक्याची सीबीनॅट तपासणी करवली, तेव्हा क्षय निघाला.

त्या डॉक्टरांचा मी दोष मानत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी फुकट आणि तातडीने सांगितलं. पण जिल्ह्याची व्यवस्था ओळखीवर चालू नये.

एक्स-रेचं मोल किती, हे देशाच्या आकड्यांतच आहे. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झालं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर निसटले असते. लक्षणं विचारून ते सापडलेच नसते. आता हातात नेता येणारी एक्स-रे मशीन आली आहेत, आणि फोटो पाहून क्षयाची शक्यता सांगणारी सॉफ्टवेअरही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षं व त्यावरच्या वयासाठी अशा सॉफ्टवेअरच्या वापराला मान्यता दिली. मी त्यांचं मनापासून स्वागत करतो. जिथे वाचणारा कुणीच नाही, तिथे संशयित फोटो झटकन बाजूला काढणारं साधन म्हणजे मोठाच आधार आहे.

पण आपल्या लोकांच्या छात्या सोप्या नाहीत. ज्याचा क्षय दहा वर्षांपूर्वी बरा झाला, त्याच्या फुप्फुसावरचा व्रण तसाच राहतो आणि सॉफ्टवेअर त्यालाही संशयित ठरवू शकतं. गिट्टी क्रशरवर राबलेल्या मजुराला सिलिकोसिस हा धुळीचा आजार झाला, तर त्याच्या गाठीही फुप्फुसाच्या वरच्याच भागात दिसतात. अशा माणसाला वर्षानुवर्षं क्षयाच्या गोळ्या मिळाव्यात, किंवा उलट, धूळ समजून त्याचा खरा क्षय दुर्लक्षित व्हावा, दोन्ही घडू शकतं. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयाचा धोका मुळातच जास्त. वणी भागातल्या कोळसा खाणींत कामगारांची निदान पाच वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम आहे. पण ठेकेदाराकडे चार वर्षं काम करून सुटलेल्याच्या छातीचा हिशेब कुणाकडे असतो? आणि पंधरा वर्षांखालची पोरं तर सॉफ्टवेअरला मिळालेल्या मान्यतेत बसतच नाहीत.

सिकलसेलच्या रुग्णांचंही तेच, नुसत्या एक्स-रेवर भागत नाही. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू लागतो, तेव्हा सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो. तिथे एमआरआय लागतो. ‘फोटो नॉर्मल’ ऐकून लंगडत घरी गेलेली पोरगी मी पाहिली आहे.

म्हणून मागणं असं. सरकारी दवाखान्यात निघालेल्या प्रत्येक एक्स-रेला लेखी अहवाल असावा, खाली वाचणाऱ्याचं नाव आणि वेळ असावी. संशयित फोटोचा अहवाल त्याच दिवशी मिळावा, बाकीच्यांचा दोन दिवसांत. मोबाइलने काढलेला फिल्मचा फोटो नको. मूळ डिजिटल फाइल तालुक्याहून थेट महाविद्यालयाच्या क्ष-किरण विभागात जावी, आणि या वाचनासाठी तिथे स्वतंत्र माणसं द्यावीत. आहेत त्या डॉक्टरांच्या डोक्यावर हा भार टाकून भागणार नाही. सॉफ्टवेअर आणाल तेव्हा ज्याच्या वर फोटो संशयित ठरतो तो आकडा कंपनीने ठरवलेलाच धरून चालू नका. आपल्याच रुग्णांचे फोटो आणि त्यांचे बेडक्याचे निकाल ताडून महाविद्यालयाने तो बसवावा. किती रुग्ण निसटले आणि किती निरोग्यांची उगाच धावपळ झाली, ते दर तिमाहीला जाहीर व्हावं. शेवटचा शब्द मात्र सहीनिशी डॉक्टरचाच असावा.

आणखी एक, जे कागदावर हमखास राहून जातं. अहवाल संशयित आला तर तो पोडावर कोण पोचवणार, तपासणीला येण्याचं भाडं कोण देणार आणि ही जबाबदारी कोणत्या कर्मचाऱ्याची, हे नावानिशी ठरवा. या वेचणीच्या हंगामाआधी झरी-जामणी आणि मारेगावपासून सुरुवात करता येईल. फोटो काढून अहवालाची वाट पाहणाऱ्यांची यादी आमच्याकडे आहे. आपण बोलवाल त्या दिवशी ती घेऊन येतो.

आपला,
वणी तालुक्यातील एक आरोग्य कार्यकर्ता