कॅसिओचा गंधार

"एवढी मगजमारी कायले करून रायला बे? कॅसिओ घेऊन टाक ना."

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत यवतमाळात ऐकलं, पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलं, आणि दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या पायरीवर तर दर सुट्टीला ऐकलं. म्हणणारे सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते. तरी ते चूक आहेत असं माझं म्हणणं आहे, आणि ते जरा भांडूनच सांगायचंय.

मगजमारी म्हणजे काय, तर मी घरी सिंथेसायझर बनवला. क्रेडिट कार्डाएवढा रास्पबेरी पाय ३, त्याच्या पिनांना जोडलेला आवाजाचा एक छोटा बोर्ड, सेकंडहँड मिडी कीबोर्ड आणि सी भाषेत लिहिलेला हजारेक ओळींचा प्रोग्राम. हा पाय माझ्याकडे आला कसा, तेही कबूल करतो. २०१९ ला मी इंजिनिअर झालो. फायनल इयरचा 'चेहरा ओळखून हजेरी' हा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी पैसे काढून रेडिमेड विकत आणला होता. रिपोर्टसकट. व्हायवात कुणी कोडची एक ओळही विचारली नाही. मग तो पाय डब्यात पडून राहिला, आणि माझ्या डिग्रीत मी स्वतः बनवलेली एकही वस्तू नाही ही गोष्ट माझ्या डोक्यात पडून राहिली.

पहिला प्रयत्न पायथनमध्ये केला. आवाज आला, पण कढईत मोहरी पडल्यासारखा तडतडत. सी मध्ये पुन्हा लिहिलं. पायचा स्वतःचा हेडफोन जॅक खरखरतो, म्हणून वेगळा बोर्ड लावला. कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ हे सगळ्यात मोठं दुखणं. सेकंदाला ४८,००० नमुने धरले आणि ते १,०२४ च्या गठ्ठ्याने पाठवले, तर एकेका गठ्ठ्यालाच २१ मिलिसेकंद लागतात, आणि असे दोन गठ्ठे रांगेत असतात. टाळकऱ्यांसोबत वाजवताना तो उशीर लगेच कानाला टोचतो. गठ्ठा १२८ वर आणला तेव्हा कुठे बोट आणि आवाज एकत्र चालायला लागले. त्यात आमच्याकडची लाईट. ती न सांगता जाते, आणि चालू पायची वीज अशी गेली की मेमरी कार्ड खराब होतं. दोन कार्डं गेल्यावर अक्कल आली. आता कार्डावर काही लिहिलंच जात नाही, फक्त वाचलं जातं, आणि सगळं पॉवर बँकेवर चालतं.

मग तो डबा आबाजींपुढे ठेवला. माझे आबाजी पन्नासेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत आलेत. मी काळी एकचा सा दाबून धरला आणि वर गंधार लावला. आबाजी म्हणाले, "आवाज बरा आहे पोट्ट्या. पण गंधार चढून रायला."

मी ट्यूनर लावून दाखवला. हिरवा दिवा, बरोबर मध्ये काटा. "आबाजी, मशीन बरोबर सांगून रायली." ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपली जुनी पेटी ओढली, भाता मारला आणि तोच सा, तोच गंधार वाजवला.

फरक मला ऐकू आला. लाज अशी वाटली की तोवर तो कधी ऐकूच आला नव्हता.

हिशेब सोपा आहे. आजच्या कीबोर्डवर सप्तकाचे १२ सारखे तुकडे पाडलेले असतात. पूर्ण सप्तक १,२०० सेंटचं धरलं तर सा पासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो सा च्या ५/४ पट, म्हणजे ३८६ सेंटवर. १४ सेंटचा फरक. काळी एकचा सा २७७.१८ हर्ट्झ. त्यावर कीबोर्डचा गंधार ३४९.२३ येतो आणि ५/४ चा ३४६.४८. पावणेतीन हर्ट्झ म्हणजे किरकोळ वाटतात. पण सा चा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला ११ वेळा थरथरतात. आबाजींना 'चढलेलं' लागत होतं ते हेच. ५/४ लावला की थरथर शून्य.

मग जगभरचे लोक बेसूर आहेत का? नाही. ती तडजोड आहे, आणि तिच्यामागे कारण होतं. पेटीची पत्ती किंवा पियानोची तार एकदा लावली की लावली. एका सा साठी नेमके स्वर लावले तर सा बदलल्यावर सगळं बिघडतं. म्हणून सगळ्यांनाच थोडं थोडं बिघडवून ठेवलं, म्हणजे कुठूनही वाजवता येतं. आपल्याकडचे जाणकार पेटीवादक मात्र आजही पेटी 'गंधार ट्यूनिंग'ने लावून घेतात. कारागीर पत्ती घासून, कानाने, एका ठरलेल्या सा साठी ती लावतो. आबाजींची पेटी तशीच आहे. सा बदलला तर दुसरी पेटी घ्या.

माझं भांडण इथे आहे. डिजिटल वाद्यात पत्ती नाही, तार नाही. स्वर म्हणजे नुसता आकडा. ज्या अडचणीपायी ती तडजोड केली, ती अडचणच उरली नाही. तरी दुकानातला कीबोर्ड चालू केला की निघतो तो चढलेलाच गंधार. हो, काही मॉडेलांत स्केल ट्यूनिंग असतं, मेन्यूच्या पोटात सातव्या-आठव्या पायरीवर. शिकवणारा ते उघडत नाही, विकणाऱ्याला ते माहीत नसतं. 'इंडियन टोन' म्हणून आपल्याला सतार, शहनाई, तबला विकतात. सतारीचा आवाज उचलला आणि सतारीचे स्वर तिथेच ठेवले.

नागपूरकडची धुमाल पार्टी बघा. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टापॅड, खाली ढोल-ताशे. तो कीबोर्डवाला डाव्या हाताने पिच बेंडचं चाक सारखं हलवत असतो. लोकांना ती स्टाइल वाटते. मला वाटतं, कारखान्याने न दिलेले स्वर तो माणूस अंगठ्याने शोधत असतो. त्यालाच आपण 'कॅसिओवाला' म्हणतो. वाद्य कोणत्याही कंपनीचं असो, वाजवणाऱ्याला नाव मात्र कंपनीचं.

हा वाद जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, सांगलीचे. त्यांनी तारेवर स्वर मोजले आणि १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत सोबत होते. ई. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्यासोबत त्यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली. पेटी सांगलीच्या डोक्यातली, पण बनली लंडनमध्ये. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवरच बंदी घातली. ती मींड घेऊ शकत नाही, तिचे स्वर आपले नाहीत, हे आक्षेप होते. बंदी १९७१ ला सैल झाली. दोन्ही बाजूंना दुखणं बरोबर कळलं होतं, पण वाद्य उघडून आतले स्वर हवे तेव्हा बदलणं तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं.

आता ते एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे. बारा ओळी, बारा आकडे. ४०० खोडून ३८६ लिहायला मला तीन सेकंद लागले. आणि सा बदलला की बाकीचे अकरा त्याच्यामागे आपोआप सरकतात. पुरुषांना काळी एक, बायांच्या मंडळाला काळी चार, पेटी एकच.

इथे कुणी शास्त्रीय संगीतवाला अडवेल, आणि त्याचं बरोबर आहे. ३८६ हाही काही देवाने दिलेला आकडा नाही. १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन यांनी मोठ्या कलाकारांची रेकॉर्डिंग मोजली, तेव्हा एकच स्वर माणसागणिक, आणि एकाच माणसाच्या वाजवण्यातही, हलताना सापडला. देवलांना हवे होते तसे पक्के २२ खिळे कुठेच नाहीत. मान्य. म्हणूनच तर फाइल उघडी हवी. मला ४०० च्या जागी ३८६ ची सक्ती नकोय. आकडा कुठे लिहिलाय हे आबाजींना माहीत असावं आणि तो त्यांना खोडता यावा, एवढंच हवंय.

"मग ॲप टाक ना मोबाइलमध्ये, फुकट आहे." टाकून बघितलं. बहुतेकांत तेच १२ तुकडे, वर उशीर, आणि अभंगाच्या मध्यात लोनवाल्याचा फोन.

स्वस्त पडलं का? नाही. दोन कार्डं, एक जाळलेला बोर्ड आणि रविवार धरले तर कॅसिओच स्वस्त. आणि कृपा करून याला जुगाड म्हणू नका. कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेल्या वस्तूत आपलं काम कसंबसं भागवणं, त्याला जुगाड म्हणतात. हे वाद्य आहे आणि याचं डिझाइन केलेलं आहे. परदेशात कुणी हेच लाकडी खोक्यात घालून विकलं असतं तर तुम्हीच लिंक फॉरवर्ड केली असती.

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी पोरं इंजिनिअर होतात आणि हजेरीची यंत्रं विकत आणून जमा करतात. मी आणली, म्हणून बोलतोय. त्याच पैशांत, त्याच बोर्डावर, गावच्या मंडळाची पेटी होते. विषय मिळत नाही म्हणणाऱ्याने कोलामांच्या पोडावर जाऊन दंडारीतलं गाणं रेकॉर्ड करावं आणि त्यातले स्वर मोजून बघावे. कीबोर्डच्या कळांवर ते किती बसतात, हे मी सांगायची गरज पडणार नाही.

गेल्या आठवड्यात आबाजींचा फोन होता. भजन भैरवीवर येतं तेव्हा कोमल रिषभ त्यांना आणखी खाली पाहिजे. मी ११२ ठेवला होता. चुलतभावाने, तो बारावीला आहे, फाइल उघडून ९० केला. आबाजी म्हणाले, जास्त झाला. सध्या ९७ वर अडलंय.