फाइल आपली, चावीही आपलीच हवी

गावाहून काका तपासणीसाठी पुण्या-मुंबईला आले की त्यांच्या हातात काय असतं? एक कॅरीबॅग. तिच्यात एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि अक्षर न लागणाऱ्या चिठ्ठ्या. हवा असलेला कागद नेमका घरी राहिलेला असतो. मग तीच तपासणी पुन्हा, तोच खर्च पुन्हा.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने 27 सप्टेंबर 2021 रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू केलं. त्यातला 14 अंकी ‘आभा’ क्रमांक तुमच्यापैकी काहींनी काढलाही असेल. अनेकांना वाटतं, आपले सगळे रिपोर्ट आता दिल्लीतल्या कुठल्या तरी सर्व्हरवर जमा होणार. तसं नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला, त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला तो हवा असेल, तर तुमच्या मोबाइलवर परवानगी मागितली जाते. कोणते कागद दाखवायचे, किती दिवस दाखवायचे, हे तुम्ही ठरवायचं. दिलेली परवानगी मागेही घेता येते.

हे काम एकट्या सरकारला जमणारं नाही, कारण आपल्यातले बहुतेक जण साध्या तापालाही खासगी डॉक्टरकडेच जातात. म्हणून नियम आणि पाया सरकारचा. अ‍ॅप, हॉस्पिटलची सॉफ्टवेअर खासगी कंपन्यांची. थोडक्यात, यूपीआयसारखंच. बँक कुठलीही असो, अ‍ॅप कुठलंही असो, पैसे पोहोचतात.

पण इथेच जरा थांबा. गेलेले पैसे पुन्हा कमावता येतात. आजाराची माहिती एकदा फुटली की परत झाकता येत नाही. उद्या ती नोकरी देणाऱ्याच्या किंवा विमा कंपनीच्या हाती लागली तर? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनावर काम करावं लागलं. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळं सेफ आहे’ एवढ्यावर कुणाचंच ऐकून घेऊ नका, ना सरकारचं, ना कंपनीचं.

संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यानुसार संमती समजून-उमजून दिलेली असायला हवी. आपण काय करतो? काउंटरवरून ‘ओटीपी सांगा’ म्हटलं की सांगून मोकळे! तो कशासाठी हवाय, हे विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि ‘आभा’ ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कुणाला उपचार नाकारता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

घरात मोबाइल सगळ्यात जास्त कळतो तो तुम्हाला. तेव्हा पुढच्या सुट्टीत आई-बाबांचं अ‍ॅप उघडा. कुणाला, कशाची, किती दिवसांची परवानगी दिली आहे, ते त्यांच्यासोबत बसून बघा आणि नको असलेली बंद करा. मेडिकल, इंजिनीअरिंग, लॉ करणाऱ्यांना तर उद्या हीच यंत्रणा चालवायची आहे. ती लोकांच्या सोयीची ठेवायची की फक्त कंपन्यांच्या, हे तुमच्याही हातात असेल.