आधी बाइट मोजा, मग पुसा



गेल्या महिन्यात जुन्या फोनचं मेमरी कार्ड रिकामं करायला बसलो. त्यात आजीच्या आवाजातल्या २३ फाइली होत्या. बडोद्यातलं तिचं बालपण, लग्नातल्या गमतीजमती, पुरणपोळीचं प्रमाण. आजी आता नाही. म्हणजे हे रेकॉर्डिंग पुन्हा होणे नाही.

भाच्यानं सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. दोन्हीकडे फाइली २३. शेवटची फाइल इकडे १३.८ एमबी, तिकडेही १३.८ एमबी. "मामा, आता कार्ड पुसू ना?" मी हो म्हणणारच होतो, पण धंद्याची सवय! पायथनची चार ओळींची स्क्रिप्ट चालवली. मूळ फाइल निघाली १,३८,४१,९२० बाइट आणि कॉपी १,३७,६२,५६० बाइट. ७९,३६० बाइट गायब! साहेबांनी कॉपी पुरती होण्याआधीच पेनड्राइव्ह ओढून काढला होता.

मग स्क्रीनवर आकडे सारखे कसे? कारण 'एमबी' हा गोळाबेरीज केलेला आकडा. शिवाय कुणी १ केबी म्हणजे १००० बाइट धरतं, कुणी १०२४. 'डिस्कवरची जागा' हा तर तिसराच हिशेब. बऱ्याच डिस्कवर जागा ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांत दिली जाते, त्यामुळे चिमुकली फाइलही अख्खा ठोकळा अडवते. खरा आकार एकच, बाइटचा. तो पायथनमध्ये 'गेटसाइझ' देतं आणि पीएचपीमध्ये 'फाइलसाइझ'.

इथे मराठी माणसानं एक खड्डा चुकवायचा. फाइल उघडून तिच्यातला मजकूर मोजला की झालं, असं वाटतं. पण 'आजी' हा शब्द घ्या. आपल्या लेखी अक्षरं दोन. पायथनचं 'लेन' म्हणतं तीन, कारण 'ज' आणि त्याची वेलांटी त्याच्या लेखी वेगळ्या. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून फाइलमध्ये ती नऊ बाइटची जागा घेते. पीएचपीचं 'स्ट्रलेन' नऊच सांगतं. इंग्रजीत अक्षराला एक बाइट, म्हणून तिथे ही चूक कित्येकदा लक्षातही येत नाही. तेव्हा अक्षरं मोजू नका, थेट फाइलचा आकार विचारा.

अजून एक. बाइट सारखे भरले म्हणजे आतला मजकूरही सारखाच, असं नाही. आकार ही पहिली चाळणी. त्यातून फाइल पार झाली की एसएचए-२५६ चा चेकसम काढून दोन्हीकडचा ताडून बघा. तो जुळला की निर्धास्त व्हा. पायथनमध्ये त्यासाठी 'हॅशलिब' तयारच असतं.

आता त्या ७९,३६० बाइटांचं. रेकॉर्डिंग १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट. हिशेब केला तर गेले जेमतेम पाच सेकंद. साडेचौदा मिनिटांत पाच सेकंदांचं ते काय, असं वाटून मूळ फाइलचा शेवट लावला. गोष्ट संपवून आजी विचारत होती, "झालं का रे तुझं? चल, आता जेवून घे."

फाइल पुन्हा कॉपी केली. कार्ड मात्र अजून पुसलेलं नाही.