मोंतोनेचे छायायंत्र

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातील एका टेकडीच्या माथ्यावर तटबंदीआड वसलेल्या मोंतोने या दीडेक हजार वस्तीच्या गावाला वीरपुरुष बाहेरून आणण्याचे वास्तविक काही कारण नव्हते, कारण पंधराव्या शतकातला भाडोत्री फौजांचा गाजलेला सेनानी ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा याच गावच्या घराण्यातला. तरीही २०२३ साली या गावाने माणगाव तालुक्यातील पळसगावच्या एका नाईकाचे स्मारक उभारले. आणि ते पुतळ्याच्या रूपाने नव्हे, तोफेच्या नव्हे, तर साध्या छायायंत्राच्या, म्हणजे सूर्यघड्याळाच्या, रूपाने.

नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात जर्मन मशीनगनने ते एकटे वगळता त्यांची सारी तुकडी ठार वा जायबंदी केली, तेव्हा त्यांनी एकट्यानेच ठाण्यावर चाल करून हातगोळ्याने ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि काडतुसे भरण्यास अवसर नाही असे पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांचा समाचार घेतला. मागाहून दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याच ठाण्यात त्यांचा देह पडला. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. कबर ठाऊक नाही, नाव तेवढे कासिनोच्या स्मारकावर आहे.

'चले जाव'नंतर दोनच वर्षांनी परक्या सरकारसाठी लढलेल्या शिपायाचा गौरव कसा करावा, हा आक्षेप इतिहासाच्या दफ्तरात अवश्य नोंदवावा. मात्र भाताच्या चार खाचरांवर भागत नाही म्हणून मुलगे पलटणीत धाडण्याचा शिरस्ता पडलेल्या कोकणातल्या घरांकडे त्याचा जाब मागणे मला अप्रशस्त वाटते. मोंतोनेची अडचण तर याहून बिकट होती. १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मराठ्यांच्या पलटणी ज्यांच्याशी झुंजल्या ती फौज इटलीचीच. तो देश १९४३च्या सप्टेंबरात दोस्तांना शरण गेला आणि मग जर्मनांच्या टाचेखाली आला. जेता कोण, जित कोण, हेच जेथे गुंतागुंतीचे, तेथे विजयस्तंभ उभारणार कसा? त्या स्मारकाचा विनय मला या अडचणीतूनच उपजलेला दिसतो, आणि म्हणूनच तो अस्सल वाटतो. सारे एकाच सूर्याखाली राहतो, एवढ्याच आशयाचे बोधवाक्य मोंतोनेकरांनी पत्करले आहे.

माणगावात यशवंतरावांचा पुतळा आहेच. तेथील नगरपंचायतीने दर १० जुलैस मोंतोनेच्या महापौरांना एखादा खलिता धाडण्याची तजवीज केली, तर टपालखर्चापलीकडे तिजोरीला तोशीस पडणार नाही.

— पांथस्थ