‘मूळ रूपा’ची अंधश्रद्धा आणि हॉट रॉडचा इतिहास

१/ जुनी मोटार कापून तिचे मडगार्ड उतरवणारा आणि तिच्यात दुसरे इंजिन बसवणारा माणूस इतिहासाचा शत्रू असतो, असे व्हिंटेज मोटारींच्या जगात पुष्कळांचे ठाम मत आहे. कारखान्यातून निघाली तशी राखली तरच गाडी ‘अस्सल’, बाकी सारी विटंबना. अमेरिकेतील हॉट रॉडचा इतिहास या समजुतीचा पायाच उखडतो. (धागा)

२/ स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची, अनावश्यक वजन काढायचे आणि इंजिनाची ताकद वाढवायची, हे हॉट रॉडचे मूळ सूत्र. ‘पारंपरिक’ हॉट रॉड म्हणजे हेच काम साधारण १९३० ते १९६० या काळातील सुट्या भागांनी व पद्धतींनी केलेले. नाव दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाले, वस्तू त्याआधीची.

३/ १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने सुमारे दीड कोटी ‘मॉडेल टी’ गाड्या बनवल्या. त्या जुन्या होऊन मातीमोल भावाने विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा गरीब पोरांच्या हाती कच्चा माल आला. १९३२ साली फोर्डने व्ही-८ इंजिन आणले. आठही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात, ताकद ६५ अश्वशक्ती. तोवर असे इंजिन प्रायः महागड्या गाड्यांतच असे.

४/ प्रयोगभूमी होती कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील म्युरॉकसारखी कोरडी सरोवरे. उन्हाळ्यात त्यांचा तळ फरशीसारखा सपाट आणि टणक होई. १९३७ मध्ये अनेक क्लबांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. नियम, गाड्यांची वर्गवारी आणि वेगाची काटेकोर नोंद यांची शिस्त या पोरांनी स्वतःवर घालून घेतली.

५/ प्रत्येक कापाला कारण होते. मडगार्ड काढले की वजन आणि हवेचा अडथळा कमी होई. टप कापून खाली घेतला, बॉडी चासीवर खाली बसवली, की वाऱ्याला भिडणारा भाग घटे. इंजिनाचे हेड घासले की कॉम्प्रेशन वाढे. फोर्डने आपल्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ च्या मॉडेलपासून; या पोरांनी ते भाग जुन्या गाड्यांना बसवले. गाडीची नासधूस करणारा माणूस तिचे ब्रेक सुधारत बसत नाही.

६/ युद्धकाळात म्युरॉक लष्कराकडे गेले. आज तेथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. पुष्कळ तरुण आघाडीवर गेले. त्या वर्षांत असोसिएशनचे वार्तापत्र चालू ठेवले व्हेडा ऑर या महिलेने. त्या स्वतः सरोवरांवर गाडी पळवणाऱ्या चालक होत्या. त्यांनी ते पत्र सैनिकांपर्यंत पोहोचवले.

७/ युद्धानंतर वृत्तपत्रांनी हॉट रॉडवाल्यांना गुंड ठरवले. रस्त्यांवर जीवघेण्या शर्यती झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा इलाजही याच मंडळींनी शोधला. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला प्रदर्शन भरले आणि ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगसप्ताह सुरू झाला. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ उभी राहिली आणि शर्यतींना रस्त्याबाहेर नियमबद्ध जागा मिळू लागली.

८/ आता ‘अस्सल’ या शब्दाकडे. १९३२ ची फोर्ड कारखान्यात तयार झाली ती थोडक्या वेळात. जगली ती अनेक दशके. त्या आयुष्यातला पहिला दिवस तेवढा इतिहास आणि उरलेला सारा काळ कचरा, हा न्याय कुठला? मोडी कागदावर मागाहून पडलेला शेरा कोणताही संशोधक खरवडून काढत नाही. तो शेराही वाचतो. गाडीवरचे वेल्डिंग हा तसाच शेरा आहे.

९/ गंमत पाहा. १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटार-सौंदर्य स्पर्धेत प्रथमच ऐतिहासिक हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला गेला. जिंकली ती डोन स्पेन्सर यांनी घडवलेली १९३२ ची रोडस्टर. म्हणजे जी कापाकापी ‘विटंबना’ होती, तिचेच आता काळजीपूर्वक जतन होते. ‘मूळ रूप’ कोणते, हे ठरवणाऱ्यांनीच आपली व्याख्या बदलली.

१०/ विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. कधीही न कापलेली गाडी आज दुर्मीळ आहे आणि तिच्यावर करवत चालवणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. ती तशीच राहू द्यावी. १९३२ च्या घाटाची नवी पोलादी बॉडी आज बाजारात मिळते; हौस तिच्यावर भागवता येते. पण हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो. १९४० च्या दशकातला हॉट रॉड मोडून त्याला पुन्हा ‘कारखान्यासारखा’ करणे हेही पुरावा नष्ट करणेच होय.

११/ दुसरे ढोंग हॉट रॉडच्याच गोटातले. मुद्दाम चढवलेला गंज आणि दुसऱ्याकडून पैसे मोजून घडवून घेतलेली ‘परंपरा’. परंपरा दिसण्यात नसते. हाती आहे त्यातून, आपल्या डोक्याने, चुकत शिकत गाडी घडवणे आणि मग ती मनसोक्त चालवणे, ही खरी परंपरा. जी कधी रस्त्यावर उतरतच नाही, ती मोटार कसली? ती निव्वळ शोभेची वस्तू.

१२/ प्रश्न मोटारींपुरता नाही. कारखानदाराचे नाव रेडिएटरवर कोरलेले असते, म्हणून ते टिकते. गॅरेजमध्ये रात्री राबलेल्या पोराची सही फक्त सांध्यांत उरते. ‘मूळ रूपा’च्या नावाखाली ती सही पुसली, तर इतिहास पुन्हा मालकांचाच उरतो. जुनी गाडी समोर आली, तर तिचा बिल्ला वाचा आणि तिचे सांधेही वाचा.

#इतिहास #हॉटरॉड